लांबून ऐकू येणारी गाडी

बायको सरुबाई गेली हे बिरदेवला कळलं ते बारामतीच्या एस.टी. स्टँडवर.

आदल्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात उशीला टेकून बसली होती, चांगली बोलत होती. “म्हशीची धार कोण काढायचं? तुमी जावा घरला, सकाळी या,” असं तिनंच सांगितलं म्हणून तो सणसरला आला. सकाळी धार काढली, शेजारणीनं बांधून दिलेली भाकरी घेतली आणि रस्त्यावर येऊन उभा राहिला. पहिली एस.टी. भरून आली, थांबलीच नाही. दुसरी दीड तासानं आली. स्टँडवर उतरला तर पुतण्या सिद्धू समोर उभा, आणि त्याच्या हातात सरुबाईच्या चपला.

“तात्या,” एवढंच तो म्हणाला.

बिरदेवनं चपला हातात घेतल्या. “चपला हितं, मग ती कुठं हाय?” त्यानं विचारलं. सिद्धूनं मान खाली घातली. तेव्हा त्याला कळलं.

ते चौऱ्याण्णव साल. पौष महिना होता. तेरावं झालं, लेक सुकन्या फलटणला आपल्या घरी गेली आणि बिरदेव छपन्नाव्या वर्षी एकटा राहिला. एक म्हैस, दोन एकर ऊस आणि निमगाव केतकीची सासू.

सासूचं नाव भागूबाई. सरुबाई तिची एकुलती लेक. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड आणि सावली तेवढी कळायची. निमगावच्या पुढं कालव्यापलीकडच्या वस्तीवर ती एकटी राहायची. शेजारी मेहबूबबीचं घर होतं, ती दोन वेळा डोकावून जायची. लेकीच्या घरी राहायला भागूबाई काही यायची नाही. लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारी ती बाई. म्हणून सरुबाईच दर चौथ्या दिवशी एस.टी.नं जायची. आईचं डोकं विंचरायची, पीठ-तेल बघायची, दूध द्यायची, चार वाजता परत. पंधरा वर्षं तिनं हे केलं आणि त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही.

आता ते काम बिरदेवकडं आलं. कुणी दिलं नव्हतं. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी त्यानं दुधाची बरणी भरली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला, इतकंच.

पण त्यात एक अडचण होती. भागूबाई त्याच्याशी बोलत नसे.

भांडण नव्हतं, ती रीत होती. भागूबाई त्याची सख्खी मामी. लहानपणी तो महिना महिना मामाकडं असायचा. मामीच्या हातची भाकरी त्यानं खाल्ली होती आणि करडू पळवल्याबद्दल तिच्या हातची थप्पडही खाल्ली होती. फार बोलकी बाई. मेंढरामागं जाता जाता अशा काही नकला करायची की पोरं पोट धरून बसायची. मग मामाची पोरगी म्हणून सरुबाईशी त्याचं लग्न झालं. अक्षता पडल्या त्या दिवसापासून मामीनं त्याच्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढला. जावयासमोर सासूनं उघड्या तोंडानं यायचं नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचं तर लेकीला सांगायची. “सरू, त्यास्नी म्हणावं, जेवून जावा.” आणि सरू इकडं वळून म्हणायची, “जेवून जावा म्हणतीया.” तो तिथंच दोन हातांवर बसलेला असायचा.

बत्तीस वर्षं असं चाललं. आता मधलं माणूसच गेलं.

पहिल्यांदा तो एस.टी.नं गेला तेव्हा मेहबूबबी मध्ये बसली. ती भागूबाईच्याच वयाच्या आसपासची, जिभेची तिखट. “पाव्हणं, तुमची सासू इचारती, म्हस किती देती?” असं मोठ्यानं ओरडायची, जणू बिरदेव कालव्यापलीकडं बसलाय. त्यानं सांगायचं, “सहा लिटर.” झालं बोलणं. बरणी ठेवायची, पाणी प्यायचं, निघायचं.

तरी तो जात राहिला. पण एस.टी.ची खात्री नव्हती. जाताना दोन तास, येताना दोन तास, बाजाराच्या दिवशी तर विचारायची सोय नाही. दोनदा संध्याकाळची धार चुकली आणि म्हैस आटत चालली. आणि रस्त्यावर उभं राहिलं की त्याला ती न थांबलेली पहिली गाडी आठवायची. चैत्रात त्यानं सिद्धूला सांगितलं, “मला मोटरसायकल शिकव.”

सिद्धू साखर कारखान्यात फिटर. त्याला आधी थट्टा वाटली. “तात्या, या वयात? हाडं मोडली तर बसवायला म्या फिटर हाय, पर लोखंडाचा.”

“घोड्यावर बसलोय म्या. हिच्यात काय असतंय?”

हे खरं होतं. मेंढरं होती तेव्हा दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. बिरदेव पक्का घोडेस्वार. पण त्यातच घात झाला.

गाळप हंगाम संपलेला, त्यामुळं कारखान्याचा बैलगाड्यांचा तळ रिकामा होता. तिथं सिद्धूनं आपली हिरो होंडा त्याच्या हातात दिली. क्लच, गियर, ब्रेक, सगळं दाखवलं. तळाचे दोन फेरे बिरदेवनं झोकात मारले. तिसऱ्या फेऱ्याला समोर कुत्रं आडवं आलं. सिद्धू ओरडला, “थांबवा!” आणि बिरदेवनं जन्मभर घोडं थांबवत आला तसं थांबवलं. लगाम खेचावा तसं हँडल दोन्ही हातांनी पोटाकडं ओढलं. मनगट खाली गेलं, ॲक्सिलेटर पिळला गेला. गाडी थांबायची राहिली बाजूला, ती कुत्र्याला चुकवून उडाली आणि बिरदेवला घेऊन शेजारच्या उसात शिरली.

सिद्धूनं उसातून ओढून काढलं तेव्हा त्याच्या फेट्यात पाचट अडकलेलं आणि हँडल अजून पोटाशी धरलेलं.

“सोडा की आता!”

“सोडलं तर पळंल ती!”

पंधरा दिवस लागले हात सुधारायला. सिद्धूनं त्याला ‘हाताला काम न्हाय, पायाला हाय’ असं पाठ करायला लावलं. तो ते पुटपुटत फेऱ्या मारायचा. उन्हात दमून झाडाखाली बसला की वाटायचं, हे सरूला सांगितलं असतं तर ती किती हसली असती. तिला हसताना तोंडाला पदर लावायची सवय होती.

वैशाखात सिद्धू त्याला बारामतीला सिकंदरकडं घेऊन गेला. सिकंदर भिगवण रस्त्याला जुन्या गाड्या विकायचा, स्वतःच मिस्त्री होता. पत्र्याच्या शेडमध्ये तीन गाड्या होत्या. एक हिरो होंडा, पाच वर्षांची. एक राजदूत. आणि कोपऱ्यात पोत्याखाली एक जुनी येझदी. काळी टाकी, तिच्यावर सोनेरी पट्टा, गोल दिवा, दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर.

बिरदेव येझदीपाशीच जाऊन थांबला. त्यानं पोतं बाजूला करून टाकीवर हात ठेवला.

“तात्या, ती बघू नगा,” सिद्धू म्हणाला. “म्हातारी हाय ती.”

“म्या कोण हाय मग?”

सिकंदर हसला. “तात्या, धंद्याचं बोलू का खरं बोलू?”

“खरं बोला.”

“होंडा घ्या. पेट्रोल पीत न्हाय, आवाज न्हाय, गाईसारखी सरळ. ही येझदी शौकिनाची. पेट्रोलमधी ऑइल मापून मिसळायचं. इसरला की इंजिन जाम. किक तीच अन् गियर तोच. हा दांडा आत दाबून वर उचलला की किक, खाली सोडला की गियर. नव्या माणसाचा गोंधळ हुतो. चार दिस होंडा न्या, चालवा, मग बोलू.”

बिरदेवनं होंडा नेली. दोघांनी सांगितलेलं शहाणपणाचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून तो निमगावला निघाला. लासुर्णे गेलं, जंक्शनचा फाटा गेला, एरवी दोन तास खाणारा रस्ता तासाभरात सरला. गाडी शिवणयंत्रासारखी चालत होती. कालव्याच्या पुलापासून वस्तीपर्यंत उतार. तिथं इंजिन बंद केलं की पेट्रोल वाचतं असं सिद्धूनं शिकवलेलं. त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडी वाऱ्यासारखी मुकी खाली आली, थेट भागूबाईच्या अंगणात.

भागूबाई न्हाणीच्या दगडावर बसून डोकं धूत होती. पाठ उघडी, पांढरे केस ओले मोकळे, पदर कंबरेला. एस.टी. अकराला यायची आणि तिथून तो चालत यायचा. तोवर ती आवरून बसलेली असायची. आज आठच वाजले होते.

“कोण हाय?” तिनं मान वळवली. “मेहबूब, तूच का गं?”

बोलायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं बंद असलेलं तोंड उघडेना. मागं फिरावं तर गाडी वाजणार. शेवटी तो खाकरला.

ती ओळखायला चुकली नाही. लगबगीनं उठली, पदर शोधायला हात मारला आणि ओल्या दगडावरून पाय घसरला. ती कोपरावर पडली.

बिरदेवनं हात पुढं केला आणि मागं घेतला. जावई सासूला हात लावत नाही. ती खाली पडलेली आणि हा दोन पावलांवर पाठ वळवून उभा, मोठमोठ्यानं हाका मारतोय, “मेहबूबबी! अवो मेहबूबबी!”

मेहबूबबी पळत आली. म्हातारीला उठवून आत नेलं, कोपराला हळद लावली आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवले.

“काय पाव्हणं, चोरासारखं येता व्हय? मांजराला बी पायाचा आवाज असतो!”

“गाडीवर आलो,” तो म्हणाला.

“गाडी? कुठं वाजली गाडी?”

आतून भागूबाईचा आवाज आला. त्या आवाजात पडल्याची कळ नव्हती, लाज होती. “मेहबूब, सांग त्यास्नी. आता येऊ नगा म्हणावं. माझं मी बघीन. लेक व्हती तवर ठीक व्हतं.”

मेहबूबबीनं ते त्याला परत सांगितलं नाही. त्यानं ऐकलंय हे तिला दिसत होतं.

बिरदेवनं बरणी ओट्यावर ठेवली. जाताना मेहबूबबीला बाजूला घेऊन म्हणाला, “म्या ठरल्या वक्ताला येत जाईन. अकराला.”

“तिला घड्याळ हाय का? अन् दिसतंय का? तुमी येणार म्हणलं की ती फाटंपासनं पदर वढून बसल. पाणी पिणार न्हाय, मागल्या दारी जाणार न्हाय. तिचं हाल करू नगा.”

“पुलावरनं हॉर्न वाजवतो.”

“हॉर्न तर सगळेच वाजवत्यात. ट्रॅक्टरवालं वाजवत्यात, बर्फवाला वाजवतोय. दर हॉर्नला म्हातारीनं दडून बसायचं व्हय?”

बिरदेवनं गाडी वळवली. तो परत आला. रस्त्यात गाडी चांगली चालत होती आणि त्याला तिचा राग येत होता.

चार दिवस पुरे व्हायच्या आतच त्यानं गाडी सिकंदरच्या शेडमध्ये लावली. सिद्धूही आला होता, कागद करायला म्हणून.

“काय खोट निघाली का?” सिकंदरनं विचारलं.

“खोट न्हाय. गुणाची हाय.”

“मग?”

“आवाज न्हाय.”

सिकंदर आणि सिद्धूनं एकमेकांकडं बघितलं. “तात्या,” सिकंदर म्हणाला, “लोकं आवाज कमी करून द्या म्हणून माझ्याकडं येत्यात.”

“म्या येतो ते लांबनं कळाया पायजे. अन् मीच येतोय हे कळाया पायजे. ही पोत्याखालची चालू कर.”

सिकंदरनं येझदी ओढून उजेडात आणली, दांडा आत दाबून वर घेतला आणि किक मारली. तिसऱ्या किकेला ती पेटली. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज भरला. भरीव नव्हे, पोकळ, टणटणीत, पितळेच्या घागरीत कुणी भराभर टिचक्या माराव्यात तसा.

बिरदेव खाली उकिडवा बसला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. मेंढरं सणसरच्या माळावर बसवलेली. मेंढरांचा सरकारी डॉक्टर लशी टोचायला यायचा, निमगावला मामाच्या कळपालाही तोच; त्याच्याकडं जावा मोटरसायकल होती, येझदीचीच जात. दोन शेतं पलीकडं गाडी असायची आणि मेंढरं माना वर करायची. सरू चुलीपुढून उठायची, बाहेर सासरे बसलेले असायचे म्हणून पदर नीट करायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, डॉक्टर पोचायच्या आत सगळं तयार. एकदा ती म्हणाली होती, “गाडी असावी तर अशी. माणसाच्या आधी निरोप येतोय.” तेव्हा तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि तिच्या मागं सगळा कळप बसलेला. तेव्हा त्यांच्यापाशी ना घर होतं ना ऊस, आणि संध्याकाळी कुठल्या बांधाला मुक्काम पडेल ते सकाळी माहीत नसायचं. तरी आता मागं वळून बघितलं की त्याला वाटायचं, आपण खरं जगलो ते तेव्हाच.

“हीच घेणार,” तो उठून म्हणाला.

सिद्धू वैतागला. “अवो, सुटं भाग कुठनं आणायचं हिचं? पेट्रोल किती पिती! का घेताय ते तरी सांगा.”

बिरदेवला सासूच्या न्हाणीची गोष्ट पुतण्याला सांगता येणार नव्हती. तो म्हणाला, “मला आवडली.” सिद्धूनं हात जोडले.

आठ दिवस सिकंदरनं तिची दुरुस्ती केली आणि बिरदेवला शेडमागच्या मोकळ्या जागेत शिकवलं. किकेचा दांडा पोटरीला दोनदा लागला. ऑइलचं माप त्यानं स्वतः खूण करून ठेवलं. हातानं ओढायचं नाही, पायानं थांबायचं, हे आता हाडात मुरलं होतं.

मग एका शुक्रवारी तो निघाला. येऊ नका म्हटलेल्या घरी चाललोय हे त्याला माहीत होतं. जंक्शनला चहाला थांबला आणि थांबून राहिला. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. बरणीतलं दूध उन्हानं नासेल म्हणून शेवटी उठला.

कालव्याच्या पुलावर त्यानं इंजिन बंद केलं नाही. उलट गाडी तिथंच उभी करून दोन-तीनदा पिळली. आवाज पाण्यावरून खाली वस्तीत गेला. शेळ्या ओरडल्या. मग तो अगदी सावकाश, माणूस चालत यावं तसा, उतार उतरला.

अंगणात न्हाणी कोरडी होती. भागूबाई ओट्याच्या टोकाला बसली होती, पदर हनुवटीपर्यंत, तोंड भिंतीकडं. कोपरावर अजून हळदीचा डाग होता. आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, तिच्यापासून चार हातांवर, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

मेहबूबबी कुंपणाशी उभी होती. “काय ही गाडी!” ती म्हणाली. “पुलावर वाजली अन् म्हातारी म्हणाली, ही आपल्या मेंढरांच्या डाक्टराची. म्या म्हणलं, तो कवाच मेला. तर म्हणती, मग पाव्हणं असतील. उठली, आवरलं. दोन मिनटं उरली वर.”

बिरदेवनं तांब्या उचलून पाणी प्यायलं. कुणी त्याला जा म्हटलं नाही.

तेव्हापासून तो दर चौथ्या दिवशी जातो. भागूबाईनं येऊ नका हे परत म्हटलं नाही, याही म्हटलं नाही. ज्येष्ठात एकदा मेहबूबबी लग्नाला इंदापूरला गेली होती. बिरदेव पोचला तर वस्तीवर दोघंच. ती ओट्याच्या त्या टोकाला, हा या टोकाला, गाडी मध्ये कडुनिंबाखाली टकटक करत गार होतेय. त्यानं बरणी ओट्यावर ठेवली. मग भागूबाईनं तोंड गाडीकडं वळवलं.

“गाडे,” ती म्हणाली, “इचार त्यास्नी, म्हस आटली का सावरली?”

बिरदेव गाडीकडं बघत म्हणाला, “सावरली म्हणावं. चार लिटर देती.”

“भाकरी कोण करतंय म्हणावं?”

“मीच करतो. वाकडी हुती.”

“गाडे, तुझा मालक लहानपणी बी वाकडाच व्हता. करडू पळवायचा.” आणि पदराआडून ती हसली. बत्तीस वर्षांनी त्यानं ते हसू ऐकलं. सरूसारखंच होतं. त्याला उठून गाडीपाशी जावं लागलं. तो उगाच टाकी पुसत राहिला.

आता मेहबूबबी असली तरी भागूबाई गाडीशीच बोलते. पिठाचं, पावसाचं, कोपराचं. गाडीला उशीर झाला तर गाडीला रागावते. मेहबूबबी म्हणते, “दोघं बी येडी झाल्यात.”

बोलणं वाढलंय. पण सरुबाईचं नाव अजून त्या ओट्यावर दोघांपैकी कुणीही काढलेलं नाही. ते राहिलंय.